समोर अचानक काही आलं तर आधी ब्रेक की आधी कट?

तिसरा_गिअर

नमस्कार मंडळी. रोजचा रस्ता कासारवडवली ते ऐरोली. गाडी १५० सीसी, पुढे डिस्क, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) फक्त पुढच्या चाकाला. तीन प्रश्न आहेत.

रिक्षा आडवी आली, दुभाजकातून माणूस उतरला, कुत्रं धावलं, तर ब्रेक दाबायचा की कट मारायचा, म्हणजे झटकन बाजूने गाडी काढायची? दोन्ही एकदम का करू नये म्हणतात?

उजवीकडे जायचं असेल तर हँडल डावीकडे वळतं, हे खरं आहे की व्हॉट्सअ‍ॅपवरचं ज्ञान?

आणि याचा सराव करायचा कसा? रहदारीत तर करता येणार नाही.

कोनसेट

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो. तो कळला की पहिला निम्मा सुटतो.

खरं आहे. वेग साधारण १५-२० च्या वर गेला की दुचाकी हँडल फिरवून वळत नाही, कलून वळते. आणि कलवायला हँडलच लागतं, पण उलट्या बाजूने. उजव्या हाताने उजवी मूठ पुढे ढकलली की पुढचं चाक क्षणभर डावीकडे वळतं. टायर जिथे रस्त्याला टेकतो ती जागा डावीकडे सरकते, वरचं वजन मात्र होतं तिथेच राहतं. पायाखालची सतरंजी डावीकडे ओढली तर माणूस उजवीकडे कलंडतो, तसंच हे. गाडी उजवीकडे कलली की चाक आपोआप उजवीकडे वळतं आणि गाडी वळण घेते. म्हणून लक्षात ठेवायचं एवढंच: उजवी मूठ ढकला, उजवीकडे जा, डावी ढकला, डावीकडे जा.

हे तुम्ही आजही करताय, फक्त नकळत. विमानवाले विल्बर राइट मुळात सायकलवाले. डावीकडे वळताना स्वार आधी हँडल किंचित उजवीकडे नेतो आणि त्याला ते ठाऊकही नसतं, हे त्यांनी तेव्हाच टिपलं होतं. नकळत करण्यात तोटा असा की घाबरल्यावर डोकं चारचाकीचा हिशोब लावतं. अडथळा डावीकडे दिसला की हात हँडल उजवीकडे 'फिरवायला' जातात, म्हणजे डावी मूठ पुढे जाते. गाडी कलते डावीकडे, थेट अडथळ्यावर.

जुना_राजदूत

पटलं नाही. सगळेच अंगाने गाडी वळवतात. कंबर झुकवा, गाडी वळते. हँडलला हात लावायची गरज काय?

कोनसेट

काका, कंबर झुकवताना हात हँडलवरच असतात, आणि अंग झुकलं की मूठही नकळत ढकलली जाते. कॅलिफोर्नियातले रायडिंग प्रशिक्षक कीथ कोड यांनी यासाठी एक गाडीच बनवून घेतली. तिला हँडलची दुसरी जोडी थेट चॅसीला पक्की बसवलेली, न फिरणारी. ती धरून चालवलं की अंग कितीही हलवा, गाडी जेमतेम रेंगाळत दिशा बदलते. आळसावलेल्या वळणाला चालेल, पण पुढे १५ मीटरवर रिक्षा असताना नाही.

जुना_राजदूत

बरं. मैदानात ४० वर करून बघतो, मग बोलतो.

पामबीच_पहाट

पहिल्या प्रश्नावर आकडे मांडतो. गृहीत असं: कोरडा डांबरी रस्ता, बरे टायर, चांगला सराव असलेला स्वार. असा स्वार गुरुत्वाच्या ०.७ पट ब्रेक लावू शकतो. कटसाठी गाडी दीड मीटर बाजूला न्यायला, कलण्याचा वेळ धरून, साधारण १.२ सेकंद लागतात. विचार करायचा १ सेकंद दोन्हीकडे सारखाच, म्हणून तो वगळला आहे.

३० च्या वेगाला ब्रेकने गाडी ५ मीटरात थांबते, कटला १० मीटर लागतात.
५० ला ब्रेक १४ मीटर, कट साधारण १६-१७.
६० ला दोन्ही २०.
८० ला ब्रेक ३६ मीटर, कट २७.

कारण सरळ आहे. ब्रेकचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, कटचं वेगाच्या पटीत. म्हणजे ठाण्याच्या आतल्या रस्त्यांवर, वागळे इस्टेट असो की गोखले रोड, ब्रेकच. पाम बीचवर किंवा ठाणे-बेलापूर रोडच्या मोकळ्या पट्ट्यात ७०-८० असेल तर कट कामाचा, पण बाजूची जागा रिकामी असेल तरच. आणि ती रिकामी आहे का हे त्या क्षणी आरशात बघायला वेळ नसतो. दर ५-६ सेकंदांनी आरसा बघत राहिलं तरच ते आधीपासून माहीत असतं.

यात विचाराचा १ सेकंद मिळवायला विसरू नका. ६० ला तेवढ्यात १६-१७ मीटर जातात, जवळजवळ दीड बसची लांबी, आणि तोवर ब्रेकला बोटही लागलेलं नसतं. दोन बोटं पुढच्या ब्रेकवर ठेवून चालवलं तर यातला मूठ उघडून लिव्हर शोधण्याचा भाग वाचतो.

तिसरा_गिअर

आणि दोन्ही एकदम?

पामबीच_पहाट

टायरची पकड ही एकच थैली आहे. ब्रेकही त्यातूनच घेतो, वळणही. पण हिशोब साध्या वजाबाकीचा नाही. पकडीच्या १० पैकी ८ भाग वळणात गेले तर ब्रेकला २ नाही, ६ उरतात. म्हणून निवांत वळणात हलका ब्रेक चालून जातो. कटमध्ये मात्र गाडी झटक्यात कलते, वळणच ९-१० भाग खातं, आणि घाबरलेली बोटं ब्रेकला १० मागतात. पुढचं चाक सरकतं आणि गाडी खांद्यावर आपटते.

एबीएस आहे म्हणून निश्चिंत राहू नका. साधा एबीएस चाक जाम होतंय का एवढंच बघतो, गाडी किती कललीय हे त्याला कळत नाही. कलण्याचा हिशोब ठेवणारा एबीएस महागड्या गाड्यांत असतो. आपल्याकडे एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलना आणि एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्याच गाड्यांना, १२५ सीसीच्या वर असतील तर एबीएस आणि १२५ पर्यंत निदान कॉम्बी ब्रेक (एक लिव्हर दाबली की दोन्ही चाकांना लागणारा), असा नियम झाला. त्यात एका चाकाचा एबीएस चालतो. म्हणजे तुमचं मागचं चाक अजूनही जाम होऊ शकतं.

म्हणून क्रम असा: सरळ असताना ब्रेक, ब्रेक सोडा, कट, गाडी सरळ, पुन्हा ब्रेक. ६० वरून ४० वर आणून मारलेला कट फार सोपा असतो.

घोडबंदरकर

+१. एक भर घालतो. कट म्हणजे एक ढकल नाही, दोन. पहिली जायची, दुसरी परत यायची. उजवीकडे जायला उजवी मूठ ढकलली, अडथळा गेला की लगेच डावी ढकलायची, नाहीतर गाडी शेजारच्या लेनमध्ये किंवा दुभाजकात. शिकताना सगळे पहिली ढकल पक्की करतात आणि दुसरी विसरतात.

अंग सरळच ठेवायचं. गाडी खाली कलू द्या, तुम्ही तिच्यासोबत पडू नका. गुडघे टाकीला घट्ट, कोपर वाकलेले. कोपर ताठ असतील तर जोर मुठीवर खाली पडतो आणि खाली दाबून काहीच होत नाही. तळहाताचा जाड भाग मुठीच्या मागे लावून समोर ढकलायचं. अ‍ॅक्सिलरेटर आहे तिथेच, कटच्या मधे एकदम सोडायचा नाही.

नजर हा अर्धा खेळ आहे. रिक्षाकडे बघत राहिलात तर रिक्षावरच जाता, कारण हात नजरेमागे जातात. मोकळ्या फटीकडे बघा. हलणारं काही असेल तर त्याच्या मागच्या बाजूने जा: कुत्रं डावीकडून उजवीकडे धावत असेल तर डावीकडून. माणसाचं मात्र सांगता येत नाही. हॉर्न ऐकला की निम्मे लोक मागे वळतात. माणूस असेल तर ब्रेकच.

वाशीकरीण

धागा चांगला चाललाय, पण सगळे क्लच-गिअरवाल्यांसाठीच बोलतायत. नवी मुंबईत निम्म्या गाड्या स्कूटर. त्यांचं काय?

कोनसेट

ताई, मूठ ढकलण्याचं शास्त्र तेच. फरक तीन.

चाक लहान, १० किंवा १२ इंची. खड्ड्यात जास्त आत बसतं, म्हणून खड्डा चुकवण्याचा मोह मोठा आणि कट जास्त मारले जातात. शिवाय गुडघे लावायला टाकी नाही, म्हणून करकचून ब्रेक लागला की सगळं अंग हातांवर येतं. पाय पुढच्या पाट्याला टेकवून मांड्यांनी सीटवर जोर धरायचा.

दुसरं, कॉम्बी ब्रेकमध्ये डावी लिव्हर दाबली की मागचा आणि थोडा पुढचा लागतो. थोडाच. पूर्ण थांबायला उजवी लिव्हर लागतेच. फक्त डाव्या हाताने ब्रेक मारायची सवय असेल तर गाडीचा अर्ध्याहून जास्त ब्रेक वापरलाच जात नाही.

तिसरं, वजन मागे. इंजिन मागच्या चाकाजवळ, त्यात मागे बसणारा. मागचा ब्रेक मोटरसायकलपेक्षा बरा काम करतो, पण त्यावरच विसंबू नका. मागे बसणाऱ्याने जवळ बसून कंबर धरायची. तिरकं बसून मोबाइल बघणारं माणूस असेल तर कट विसरा, त्याचं अंग उलट्या बाजूला जातं.

जुना_राजदूत

पुढचा ब्रेक मारला की पालथा पडतो माणूस, हे तरी खरं ना? लहानपणापासून हेच ऐकलंय.

पामबीच_पहाट

काका, पालथा पडतो तो *झटक्याने* मारल्यावर. ब्रेक लागला की वजन पुढे जातं. मागचं चाक हलकं होतं, पुढचा टायर रस्त्यावर दाबला जातो आणि त्याची पकड वाढते. पण ते दाबलं जायला साधारण अर्धा सेकंद लागतो. त्याआधीच पूर्ण दाबला तर पुढचं चाक हलकं असतानाच जाम होतं आणि घसरतं. म्हणून दोन टप्पे: आधी पुढचा शॉकअप बसेपर्यंत दाबा, मग पिळत न्या. लिंबू पिळतो तसं, ठोसा मारतो तसं नाही.

पुढचं जाम झालं तर लगेच सोडा आणि पुन्हा पिळा. मागचं जाम झालं आणि गाडी सरळ घसरतेय, तर सोडून पुन्हा हलकं लावा. मागचं घसरून गाडी आडवी झाली असेल तर मात्र सोडू नका. सोडलात की मागचा टायर एकदम पकड घेतो, गाडी झटक्याने सरळ होते आणि तुम्हाला वरून उडवते. यापेक्षा आडवं घसरत थांबणं परवडतं.

१९८१ साली अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या चमूचा अहवाल आला. लॉस एंजलिस भागातले ९०० अपघात जागेवर जाऊन तपासलेले. त्यात हेच निघालं: स्वार मागचा ब्रेक जास्त मारून चाक जाम करतात, पुढचा कमी वापरतात, आणि उलट हँडल ढकलून चुकवणं जवळजवळ कुणालाच जमत नाही. धोका दिसल्यापासून सगळं करायला मिळतात २ सेकंदांहूनही कमी. रस्ते त्यांचे, पण चुका आपल्याच.

घोडबंदरकर

आता आपले रस्ते. सगळ्यात वाईट ते सांगतो.

मेट्रोच्या कामाजवळच्या लोखंडी पाट्या. कोरड्या असताना ठीक, ओल्या झाल्या की साबण. पाटीवर ब्रेक नाही, कट नाही, अ‍ॅक्सिलरेटर नाही. वेग आधीच कमी करून सरळ पार करा. मॅनहोलची झाकणं, झेब्राचे आणि लेनचे पांढरे-पिवळे रंगीत पट्टे यांनाही हाच नियम. पट्टा जाड रंगाचा असतो, पावसात त्यावर पकड जवळपास जाते.

पहिल्या पावसाचे दोन-तीन दिवस. उन्हाळाभर सांडलेलं तेल आणि धूळ मिळून पातळ चिखल होतो. सिग्नलला, बस थांब्याला आणि टोलजवळ जास्त, कारण गाड्या तिथेच उभ्या राहून गळतात. ओल्या रस्त्यावर ६० वरून थांबायला सहज ३० मीटरच्या पुढे जातात, वर विचाराचा सेकंद.

गायमुखचा घाट. उतार, अवजड वाहनं, आणि रस्ता खराब झाला की कडेला निघणारी खडी. इथे कट मारायचा नाही, एवढंच. खडीवर कललेली गाडी परत उभी राहत नाही.

वाशी खाडीपुलावरचे आणि उड्डाणपुलांवरचे लोखंडी जोड. चाक त्यांना जितकं काटकोनात जाईल तितकं बरं. सिमेंटचा रस्ता आणि पेव्हर ब्लॉक यांच्या मधली उभी फटही तशीच. समांतर चाक घालून लेन बदलू नका, चाक फटीत धरलं जातं. फट आधी ओळखून थोडं तिरकं होऊन ओलांडा.

जेएनपीटी बंदराकडे जाणारे कंटेनर, उरण फाटा आणि मुंब्रा बायपास. इथे चुकवायची वस्तू खड्डा असते, पण मारणारी वस्तू शेजारचा ट्रेलर. खड्ड्यासाठी ट्रेलरच्या बाजूला कट मारणं म्हणजे वाईटातून भयंकरात जाणं. त्यापेक्षा खड्डा घ्या.

तिसरा_गिअर

'खड्डा घ्या' म्हणजे नेमकं कसं?

घोडबंदरकर

खड्ड्यापर्यंत जोरात ब्रेक, सरळ रेषेत. काठावर पोचायच्या आधी ब्रेक पूर्ण सोडा. ब्रेक लागलेला असताना पुढचा शॉकअप खाली बसलेला असतो, त्याला उसळायला जागा नसते, आणि सगळा मार रिमला आणि मनगटाला बसतो. सोडला की शॉकअप वर येतो. त्याच क्षणी पायांवर उभं राहून दोन-तीन इंच सीट सोडा, गुडघे सैल, वजन थोडं मागे, हँडल घट्ट नाही पण सुटणार नाही असं. लाकडाचा ओंडका किंवा पडलेलं पोतं असेल तरी हेच, फक्त चाक काटकोनात. स्कूटरवर उभं राहणं जमत नाही, निदान वजन पाट्यावर घ्या.

कोनसेट

गाडीच बिघडलेली असेल तर हे सगळं वाया. दहा मिनिटांचं काम आहे.

मेन स्टँडवर लावून पुढचं चाक उचला, कुणाला तरी मागे बसवा. हँडल अगदी हळू डावीकडून उजवीकडे न्या. मधे, सरळ असताना, खटका लागत असेल तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते वाट्या-गोळ्यांचं बेअरिंग, गेला. अशी गाडी त्या खाचेत अडकते आणि छोटी ढकल ऐकतच नाही. मग शॉकअपचं खालचं टोक धरून पुढे-मागे हलवा. खडखडलं तर कोनसेट ढिला. ढिला घट्ट करता येतो, खाच पडलेला बदलावाच लागतो. मेकॅनिक गोळ्या बदलून ग्रीस भरून देतो म्हणाला तरी वाट्या नव्याच टाका. खाच वाटीत असते, गोळीत नाही.

हवा थंड टायरला बघा. आकडा चेनकव्हरवर किंवा स्विंगआर्मवर छापलेला असतो. बऱ्याच १५० सीसी गाड्यांना पुढे २५ पीएसआय, मागे एकट्याला २८, दोघांना ३२ असतं, पण स्वतःच्या गाडीचंच पाळा. पुढे १५-१६ वर आलेली गाडी ढकलल्यावर आधी टायरमध्ये लोळते, मग वळते.

डिस्क ब्रेकची लिव्हर स्पंजासारखी लागली तर हवा शिरलीय, ऑइल काढून भरून घ्या. लिव्हर दोन बोटांनी हँडलला टेकत असेल तर तोवर गाडी बाहेर काढू नका.

आणि साइड स्टँडची स्प्रिंग. ढिली असेल तर डावीकडच्या कटमध्ये स्टँड रस्त्याला लागतो.

वाशीकरीण

सरावाचं राहिलं. आणि जागा?

पामबीच_पहाट

सार्वजनिक रस्ता नको, रविवारी पहाटेचा पाम बीचही नको. तिथे चालणारे आणि सायकलवाले असतात. कंपनीचं रिकामं पार्किंग किंवा मोठ्या सोसायटीचं पक्कं आवार, परवानगी घेऊन. ६० मीटर लांब, ८ मीटर रुंद पुरतं. खडी झाडून घ्या. आयएस ४१५१ या मानकाचं हेल्मेट, हातमोजे, जाड पँट, घोटा झाकणारे बूट.

पहिला तास फक्त ब्रेक. ४० वर सरळ या, खुणेला क्लच आणि दोन्ही ब्रेक एकदम, थांबेपर्यंत पहिल्या गिअरला. सुरुवातीला १४-१५ मीटर लागतील. ९-१० वर येईपर्यंत पुढे जाऊ नका.

मग ढकल. ३० च्या वेगाला सरळ रेषेत, एक मूठ हळूच ढकला, सोडा. मग दुसरी. गाडी नागमोडी जाईल. अंग हलवायचं नाही, म्हणजे हाताने काय होतं ते कळतं. राजदूत काकांनी इथूनच सुरुवात करावी.

शेवटी कट. १ मीटर रुंदीचं दार (दोन खुणांमधली फट), त्यापुढे १५ मीटरवर २ मीटर रुंदीचा आडवा अडथळा, त्याच्या दोन्ही बाजूंना जागा. ३० वर दारातून आलात की मागे उभ्या मित्राने 'डावी' किंवा 'उजवी' ओरडायचं. ते १५ मीटर मग १२ वर आणा. १० च्या खाली जाऊ नका, ३० ला तेवढं लागतंच. अडथळा गेल्यावर दुसरी ढकल, गाडी सरळ, मग ब्रेक. ब्रेक आधी लागला तर ती फेरी मोजायची नाही. अर्ध्या तासाने थांबा, दमलेल्या हातांना चुकीची सवय लागते.

जुना_राजदूत

पार्किंगमध्ये ३५ वर करून आलो. मूठ ढकलायचीच, मान्य. दाराला आणि अडथळ्याला पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या होत्या.

कोनसेट

काका, बाटल्यांत वाळूही नको आणि पाणीही नको. चाक गेलं की फुटतात, आणि पुढच्या फेरीला तिथेच घसरतं. जुना टायर कापून त्याच्या पट्ट्या टाका, किंवा नुसता खडू.

जुना_राजदूत

खडू आणतो. उद्या ४० वर.

पामबीच_पहाट

४० ला १५ मीटर ठेवा, १२ नको.